साठा किती ते छापता, गावं कुठली तेही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पत्र लांबणार आहे हे आधीच सांगते. कापायचं असेल तर मधलं कापा पण शेवटची मागणी तेवढी राहू द्या.

जून लागला की तुमच्या पेपरात रोज एक चौकट येते, खडकवासला साखळीतला पाणीसाठा. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर, कुठल्यात किती टक्के, एकूण किती टीएमसी, मागच्या वर्षी आजच्या तारखेला किती. आमच्या घरी हेडलाइनच्या आधी ती चौकट वाचली जाते, माझे वडील वाचायचे, आता मी वाचते. चारही धरणं भरली की साठा २९ टीएमसीच्या वर जातो आणि मग सोसायटीच्या ग्रुपवर मुठेत पाणी सोडल्याचे व्हिडिओ सुरू होतात, भिडे पूल बुडाला की नाही याची चौकशी होते आणि सगळ्यांना हायसं वाटतं की चला, वर्षाची सोय झाली. मलाही वाटतं, खोटं कशाला बोलू.

यंदा असाच व्हिडिओ बघत असताना लेकीचा मेसेज आला. ती वेल्समध्ये अ‍ॅबरिस्टविथला शिकायला आहे, समुद्राकाठचं छोटंसं गाव आहे ते. तिने एका पडक्या भिंतीचा फोटो पाठवला होता. दगडी भिंत, वर लाल रंग आणि त्यावर पांढऱ्या मोठ्या अक्षरांत दोन शब्द, कोव्ह्यूख द्रवेरिन. तिने लिहिलं होतं, आई याचा अर्थ त्रवेरिन विसरू नका, आणि त्रवेरिन म्हणजे धरणात गेलेलं एक खोरं, मला पणजीआजीची आठवण आली.

पणजीआजी म्हणजे माझ्या आईची आई, माझी आजी. तिच्याकडे मी येणारच आहे पण आधी ती भिंत.

१९६० च्या दशकात माइक स्टीव्हन्स नावाच्या एका तरुणाने हमरस्त्यालगत, लानरिस्टिड गावाजवळ, पडक्या घराच्या भिंतीवर हे रंगवलं. हा माणूस पुढे साहित्यात खूप मोठा झाला पण तेव्हा पोरसवदाच होता आणि वेल्श भाषा त्याला घरात मिळालेली नव्हती, मोठेपणी शिकलेला. म्हणून लिहिताना त्याची चूक झाली. वेल्शमध्ये शब्द वाक्यात बसला की कधी कधी त्याचं पहिलं अक्षर बदलतं, त्रवेरिनचं तिथे द्रवेरिन व्हायला पाहिजे होतं ते त्याने केलं नाही, नंतर कोणीतरी दुरुस्त केलं. लेकीने हे सांगितलं तेव्हा मला लगेच कळलं काय ते, आपल्याकडे नवीन मराठी शिकणारा माणूस पुण्याला न म्हणता पुणेला म्हणतो ना, तसं. आणि ज्याला भाषा आयती मिळाली नाही त्याने ती शिकून घेऊन, चुकत का होईना, रात्रीत जाऊन भिंतीवर लिहिलं हे मला फार महत्त्वाचं वाटतं. २०१९ मध्ये कोणीतरी त्यावर दुसरंच काहीतरी रंगवलं आणि मग एकदा भिंतीचे दगडही पाडले. लोकांनी लगेच दगड परत रचले आणि थोड्याच दिवसांत वेल्सभर ठिकठिकाणी, घरांच्या भिंतींवर, गोठ्यांवर, तीच लाल पाटी आणि तेच दोन शब्द उगवले.

आता त्रवेरिन काय आहे ते सांगते. उत्तर वेल्समध्ये बाला नावाचं गाव आहे, तिथून वर त्रवेरिन नदीचं खोरं, त्यात कापेल केलिन नावाची छोटी वस्ती. कापेल म्हणजे चॅपल, त्यांचं प्रार्थनाघर, आणि केलिन हे एका काटेरी पानांच्या झाडाचं नाव, म्हणजे आपल्याकडे बोरीचं देऊळ म्हणावं तसं साधं नाव. एक शाळा, एक पोस्ट, चॅपल आणि त्याची दफनभूमी, बारा घरं आणि शेतवाड्या, बस. लिव्हरपूल शहराला पाणी पाहिजे होतं, घरांना आणि कारखान्यांनाही. लिव्हरपूल इंग्लंडमध्ये, खोरं वेल्समध्ये. तिथल्या स्थानिक संस्थांची परवानगी मागत बसायला नको म्हणून लिव्हरपूलच्या महापालिकेने सरळ लंडनच्या पार्लमेंटमध्ये विधेयक नेलं आणि १९५७ च्या १ ऑगस्टला त्याचा कायदा झाला. तेव्हा वेल्सचे ३६ खासदार होते, त्यातले ३५ विरोधात, उरलेल्या एकाने मत दिलं नाही. एका अख्ख्या देशाचे जवळजवळ सगळे निवडून दिलेले लोक नको म्हणतायत आणि तरी ते होतंय, लोकांच्या मनाला जे लागलं ते हे लागलं.

त्याच्या आधी नोव्हेंबर १९५६ मध्ये गावातले लोक, म्हातारे, बायका, शाळेतली पोरं, सगळे बसमध्ये बसून लिव्हरपूलला गेले होते आणि रस्त्यावरून फलक घेऊन चालले, की तुमची घरं शाबूत आहेत, आमचीही वाचवा. तो फोटो लेकीने मला पाठवला, थंडीचे कोट घातलेल्या बायका आणि पुढे लहान पोरं. मी तो खूप वेळ बघत बसले.

शाळा १९६३ ला बंद झाली, चॅपलमधली शेवटची प्रार्थना त्याच वर्षी. दफनभूमीतल्या काही जणांना नातेवाईकांनी उकरून दुसरीकडे नेलं, बाकीचे तिथेच राहिले आणि त्यांच्यावर काँक्रीट ओतलं. थडग्यांवरचे दगड तेवढे वर काठावर आणून लावलेत. खोऱ्यात ६७ माणसं राहायची त्यातल्या ४८ जणांची घरं गेली, साधारण ८०० एकर जमीन पाण्याखाली. २१ ऑक्टोबर १९६५ ला उद्घाटन होतं, एवढे लोक निषेध करायला जमले की भाषणं ऐकूच आली नाहीत आणि कार्यक्रम काही मिनिटांत गुंडाळावा लागला. त्या तळ्याला आता लिन केलिन म्हणतात.

६७ माणसं हो. आपल्याकडे एका चाळीत असतात.

मी लेकीला विचारलं, एवढ्याशा लोकांसाठी साठ वर्षं एक देश पेटलेला राहतो हे कसं काय. ती म्हणाली की आई, वेल्श बोलणारी माणसं तेव्हाही होती, अजूनही आहेत, पण हे खोरं असं होतं की तिथे जन्मापासून मरेपर्यंत माणसाला दुसऱ्या भाषेची गरजच पडायची नाही. शाळेत तीच, दुकानात तीच, मेंढरांना हाका मारायच्या त्या तिच्यात आणि देवाशी बोलायचं तेही तिच्यात. अशा जागा कमी कमी होत चाललेल्या. १९११ च्या जनगणनेत वेल्समधली ४३.५ टक्के माणसं वेल्श बोलायची, १९६१ ला २६ टक्के उरली होती, म्हणजे ज्या वर्षांत हे धरण होत होतं त्याच वर्षांत त्यांना पायाखालची वाळू सरकताना दिसत होती. २०२१ ला १७.८ टक्के, साधारण ५ लाख ३८ हजार माणसं. आपल्या नुसत्या पिंपरी-चिंचवडमध्ये त्याच्या कितीतरी पट मराठी बोलणारे निघतील.

तिने मला त्यांचा एक शब्द सांगितला, कनेविन. मेंढराला डोंगरावरचा आपला चरायचा भाग माहीत असतो, कुंपण नसतं तरी ते त्याच्या बाहेर जात नाही, कोकराला तो आईकडून कळतो, त्या भागाला कनेविन म्हणतात आणि माणसाचा जिथे जीव रमतो त्या जागेलाही. आणि शेतवाड्यांची नावं बघा, एक हाव्होद व्हादोग होती, हाव्होद म्हणजे उन्हाळ्यात गुरं वर नेऊन राहायची जागा. आपले धनगरवाडे असतात ना डोंगरावर, तसंच काहीसं. या हाव्होद व्हादोगमध्ये पूर्वी क्वेकर पंथाचे लोक लपूनछपून जमायचे, त्या भागातले बरेच जण छळाला कंटाळून अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाला गेले. ते घरही पाण्यात आहे, काठावर आठवणीचा एक दगड आहे.

त्रवेरिन हे पहिलंही नव्हतं. याच लिव्हरपूलने १८८० च्या दशकात व्हर्नवी नदीवर धरण बांधून लानूदिन हे आख्खं गाव बुडवलं होतं, चर्चसकट, आणि बर्मिंगहॅमने एलान खोऱ्यात धरणं बांधली त्यांचं उद्घाटन १९०४ ला राजाने स्वतः येऊन केलं. तेव्हा एवढा आवाज झाला नाही. त्रवेरिनच्या वेळी झाला कारण भाषा जाताना दिसायला लागली होती. १९६२ मध्ये वेल्श लेखक सॉन्डर्स लुईस यांनी रेडिओवर भाषण करून सांगितलं की असंच चाललं तर वेल्श संपेल, त्याच वर्षी वेल्श भाषा सोसायटी निघाली, पोरं कोर्टाचे समन्स वेल्शमध्ये द्या म्हणून अडून बसली, इंग्रजी रस्त्यांच्या पाट्या रंगवून जेलमध्ये गेली. १९६६ ला ग्विनवोर एव्हान्स, कापेल केलिनच्या लोकांबरोबर लिव्हरपूलच्या रस्त्यावर चालणारा नेता, कारमार्थनमधून प्लाइड कम्री या वेल्श राष्ट्रवादी पक्षाचा पहिला खासदार म्हणून निवडून आला. १९६७ ला भाषेचा कायदा. सगळं त्रवेरिनमुळेच झालं असं मी म्हणणार नाही, तसं म्हणणं सोपं आहे पण इतिहास इतका सरळ नसतो. पण तिथली माणसं गोष्ट सांगायला लागली की सुरुवात त्रवेरिनपासून करतात एवढं खरं. आज लेक सांगते की रस्त्यावर डांबरावर रंगवलेलं असतं अराव्ह, म्हणजे हळू, आणि त्याच्या शेजारी इंग्रजी.

आता आजी.

माझ्या आजीचं सासर आंबी नदीच्या खोऱ्यात, पानशेतच्या वरच्या अंगाला. आता पुण्यात पानशेत म्हटलं की एकच गोष्ट निघते, १२ जुलै १९६१, धरण फुटलं आणि पूर आला. नारायण पेठेतल्या, शनिवार पेठेतल्या, डेक्कनवरच्या प्रत्येक जुन्या घरात ही गोष्ट आहे, पाणी कितव्या पायरीपर्यंत आलं, कोण माळ्यावर बसून राहिलं, कोणाचं काय वाहून गेलं, पुराची रेघ मारलेल्या भिंती लोक अजून दाखवतात. त्यात काही चूक नाही, ते दुःख खरंच आहे. पण मी साठीला आले, आयुष्य पुण्यात गेलं, बँकेत ३२ वर्षं नोकरी केली, हजारो माणसं भेटली, आणि पानशेत म्हटल्यावर धरणाच्या भिंतीच्या वरच्या बाजूला कोण होतं हे मला आजपर्यंत एकानेही विचारलेलं नाही. पुराची गोष्ट भिंतीच्या खालची आहे. आजीची गोष्ट भिंतीच्या वरची.

ती लोकं त्याच्या आधीच उठवलेली. आजीच्या सासरच्यांना दौंडच्या बाजूला जमीन मिळाली, म्हणजे कागदावर आधी मिळाली आणि हातात खूप उशिरा, त्यात आजोबांच्या किती चपला झिजल्या ते आई सांगते, पण त्यावर मी आत्ता लिहीत नाही. धरण फुटलं तेव्हा आजोबा आणि त्यांचे भाऊ दोन दिवस चालत परत गेले बघायला. पाणी उतरलेलं होतं. सगळी खाचरं उघडी पडलेली, वर गाळ, पण बांध जागेवर होते. आजोबांनी आपला बांध ओळखला. आजी म्हणायची, ते परत आले आणि आठ दिवस बोलले नाहीत, मग म्हणाले औंदा लावणी झाली असती. त्यांना वाटत होतं की धरण फुटलं म्हणजे आता आपली जमीन परत देतील. धरण परत बांधलं.

वाघजाईचं ठाणं मात्र तिथेच राहिलं. देव उचलून न्यायची पद्धत असते, काही देव नेले, पण वाघजाई म्हणजे शेंदूर लावलेला तांदळा, जमिनीतून वर आलेला, तो हलवायचा नसतो म्हणाले. नारळ फोडला, खालची माती फडक्यात बांधून घेतली आणि दौंडला नेऊन तिच्यावर नवा दगड बसवला. कापेल केलिनच्या काँक्रीटखालच्या माणसांबद्दल वाचलं तेव्हा मला ते फडकं आठवलं.

आता मला जे म्हणायचंय ते हे आहे. कोणीही मला लगेच सांगेल की अहो वेल्सची गोष्ट वेगळी, तिथे भाषा धोक्यात होती, तुमची आजी आंबीकाठी मराठी बोलायची आणि दौंडलाही मराठीच बोलत राहिली, भाषेचं काय नुकसान झालं. मलाही बरीच वर्षं असंच वाटायचं. पण आजी आमच्याकडे कोथरूडला शेवटची चार वर्षं होती तेव्हा मी तिचं बोलणं ऐकायचे. ती सांगायची, राब भाजायचा. म्हणजे पावसाच्या आधी पालापाचोळा, शेण, काटक्या जमिनीवर पसरून जाळायच्या आणि त्या भाजलेल्या जागेत भाताचं रोप टाकायचं. मग चिखलणी, मग लावणी. लावणीला सगळ्या गावाने एकमेकांच्या खाचरात जायचं, पैसे नाहीत, जेवण घालायचं, त्याला इर्जिक. पावसात अंगावर इरलं, पानांचं आणि बांबूच्या कामट्यांचं, पाठ झाकणारं, वाकून लावणी करता येईल असं. उतारावरची ती वरकस, तिथे नाचणी आणि वरई, कुदळीने खणून दळी करायची. पाऊस कसा आहे त्याला तिच्याकडे किती शब्द होते, झिमझिम वेगळी, झड वेगळी, आणि आठ आठ दिवस डोंगर दिसतच नाही त्या पावसाला ती म्हणायची डोंगर निजला.

दौंडला पाऊस किती पडतो हे वाचकांना माहीत आहे. तिथे बाजरी, ज्वारी, पुढे पाट आला तेव्हा ऊस. राब कशाला भाजायचा? इरलं कशाला विणायचं? माझी आई दौंडला वाढली, तिला हे शब्द ऐकून माहीत आहेत पण तिने आयुष्यात इरलं अंगावर घेतलेलं नाही. मला फक्त अर्थ माहीत आहे. माझ्या लेकीला अर्थही मी सांगितला तेव्हा कळला, तोही व्हॉट्सअ‍ॅपवर. भाषा मराठीच राहिली पण त्या शब्दांना काम उरलं नाही, आणि काम नसलेला शब्द तीन पिढ्यांत संपतो हे मी माझ्याच घरात बघितलंय. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ ला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आम्ही सोसायटीत पेढे वाटले, मीच वर्गणी गोळा केली होती, मला मनापासून आनंद झाला होता. पण अभिजात म्हणून ज्या मराठीचा मान करायचा तिच्यात आंबीच्या, मोसीच्या, मुठेच्या, नीरेच्या खोऱ्यातली मराठी येते की नाही? ती कुठल्या पोथीत नाही. ती पाण्याखाली आहे आणि उरली असेल तर ऐंशी-नव्वदीच्या काही म्हाताऱ्या माणसांच्या तोंडात आहे.

शेतांची नावं तर आणखी वेगळीच गोष्ट. आजीच्या घरचं एक खाचर जांभूळदांड, एक भुताचं आवाट, एक सवतीचं, कारण कोणा पूर्वजाच्या दुसऱ्या बायकोला दिलेलं. सातबाऱ्यावर गट नंबर असतो, हे नसतं. त्या हाव्होद व्हादोगसारखंच.

धरणं नको होती असं मी म्हणत नाहीये. पाण्याशिवाय शहर कसं राहील? आमचा नळ त्याच साखळीचा आहे, आजीने शेवटची चार वर्षं तेच पाणी प्यायलं आणि कधीकधी ग्लास हातात घेऊन म्हणायची हे आंबीचं आहे होय, आणि आम्हाला काय बोलावं कळायचं नाही. लिव्हरपूललाही पाणी लागतच होतं. आणि लिव्हरपूल म्हणजे परकं शहर असंही नव्हतं बरं का, तिथे वेल्श बोलणारी माणसं पिढ्यान् पिढ्या कामाला येऊन राहिलेली, त्यांची चॅपल होती, वेल्श लोकांचा मोठा साहित्य-संगीताचा मेळा असतो तोसुद्धा तिथे भरलेला आहे. पुणं तरी मावळाला कुठे परकं आहे. धरणग्रस्तांची पोरं पुण्यातच हमाली करायला, वॉचमन म्हणून, घरकामाला आली, माझे दोन मामा मार्केट यार्डात होते. शेजारचंच, नात्यातलं शहर आहे म्हणून तर त्याने निदान नाव तरी लक्षात ठेवावं ही अपेक्षा जास्त.

आणि पुण्याला हा विषय नवा नाही, त्रवेरिनच्या पस्तीस वर्षं आधी आपण तो जगाला दाखवलाय. १९२१ च्या रामनवमीला मुळशी पेट्यातले मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले, सेनापती बापट त्यात पुढे होते, जान किंवा जमीन ही घोषणा. टाटांचं धरण, मुंबईला वीज पाहिजे म्हणून, निळा-मुळेचं पाणी अडवून घाटाखाली भिऱ्याला सोडायचं. बावन्न गावांचा प्रश्न होता. धरणाविरुद्धच्या जगातल्या अगदी सुरुवातीच्या संघटित लढ्यांपैकी एक तो होता. तो हरला. त्यात एक आपल्याला बोचणारी गोष्ट आहे ती मी मुद्दाम लिहिते, मावळातल्या बऱ्याच जमिनी पुण्यातल्या सावकारांच्या नावावर होत्या आणि त्यातल्या अनेकांना लढण्यापेक्षा मोबदला घेऊन मोकळं व्हायचं होतं, कसणारा एक आणि मालक दुसरा, लढा तिथे कमजोर झाला. आज सेनापती बापट रोडवर आपण रोज ट्रॅफिकमध्ये अडकतो. त्या रस्त्याला ते नाव का आहे हे मी माझ्या ओळखीच्या कॉलेजच्या चार पोरांना विचारलं, एकाला माहीत होतं. पोरांचा दोष नाही, त्यांना कोणी सांगितलं नाही.

भाषेच्या बाबतीत वेल्सच्या सगळ्यात जवळ जाणारं आपल्याकडचं उदाहरण खरं तर नर्मदेचं आहे. सरदार सरोवरात महाराष्ट्रातली ३३ गावं बाधित, नंदुरबारकडची, मणिबेली आणि पुढची, तिथली आदिवासी माणसं भिलोरी आणि पावरी बोलतात, मराठी त्यांनाही शिकावीच लागते. लोकांनी लढता लढता जीवनशाळा काढल्या आणि पोरांना त्यांच्या बोलीतून शिकवायला सुरुवात केली. तेव्हा मराठी ही नेहमी बुडणारी भाषा असते असंही नाही, कुठे ती वरच्या बाजूला असते कुठे खालच्या. हे लिहिलं नाही तर माझं पत्र खोटं होईल.

कायदे आपल्याकडे आधी आले हेही खरं, प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्राने १९७६ मध्येच केला, देशात पहिल्यांदा. पण त्यात जमीन येते, घर येतं, पैसे येतात. इर्जिक कसं देणार? एक गाव चार ठिकाणी फोडून वसवलं की लावणीला कोणी कोणाकडे जायचं? कोयनेची माणसं बघा, कोण ठाण्याला, कोण रायगडला, कोण सोलापूरकडे. लग्नाला भेटतात आणि एकमेकांची बोली ऐकून चकित होतात की तू असं कसं बोलायला लागलास.

उजनीचं पाणी उन्हाळ्यात उतरलं की इंदापूर तालुक्यात पळसदेवचं पळसनाथाचं देऊळ वर येतं आणि आपण गाड्या काढून बघायला जातो, ड्रोनचे फोटो येतात, तुमच्याही पेपरात येतात, सुंदर असतात. मी स्वतः गेलेय. तिथे काठावर एक आजोबा भेटले, ते फोटो काढत नव्हते, ते पाण्याकडे हात करून नातवाला सांगत होते, इथे पार होता, इथे आपला वाडा, इथून पाणंद. नातू बारा-तेरा वर्षांचा, ऐकत होता. मी तिथे अर्धा तास उभी राहिले. असा नातू प्रत्येकाला मिळत नाही.

लिव्हरपूलच्या महापालिकेने ऑक्टोबर २००५ मध्ये त्रवेरिनबद्दल माफी मागितली, धरण झाल्यावर चाळीस वर्षांनी. बालाच्या आसपासच्या काही लोकांना ती पटली, काही म्हणाले फार उशीर झाला आता काय उपयोग. मी पुण्याकडे माफी मागत नाहीये. आमच्या घरात कोणी माफीची वाट बघत बसलेलं नव्हतं, आजी तर असा विचारही करणारी नव्हती, तिला फक्त कोणीतरी विचारायला हवं होतं की बाई तुझं गाव कुठलं, आणि तिने नाव सांगितल्यावर समोरच्याने ते कुठे आलं असं म्हणू नये. कारण ते कुठेच येत नव्हतं. नकाशावर तिथे निळा रंग होता.

तर माझी मागणी. महापालिकेकडे नाही, सरकारकडे नाही, तुमच्याकडेच आहे कारण ती चौकट तुमची आहे. साखळीतला साठा छापता त्याच चौकटीत खाली एक ओळ वाढवा. रोज एक नाव, या पाण्याखाली असलेल्या एका गावाचं किंवा वाडीचं. पानशेतखालचं, वरसगावखालचं, टेमघरखालचं. शक्य असेल तेव्हा त्या खोऱ्यातला एक शब्द आणि त्याचा अर्थ, राब, इरलं, दळी, असा. जून ते ऑक्टोबर चौकट चालते, तेवढ्या दिवसांत बरीच नावं होतील. वाचक स्वतः पाठवतील, पुण्यात ही माणसं भरपूर आहेत, तुमच्या ऑफिसच्या खालीच कोणीतरी चहावाला किंवा वॉचमन निघेल ज्याचं मूळ गाव पाण्यात आहे. त्याला विचारा.

मी माझ्याकडून सुरुवात केलीय. माझे धाकटे मामा आता ८३ वर्षांचे आहेत, दर रविवारी मी त्यांच्याकडे वही घेऊन बसते. शेतांची, ओढ्यांची, झाडांची, वाटांची मिळून आतापर्यंत ४१ नावं झाली. गेल्या रविवारी एका डोहाचं नाव त्यांना आठवेना, तोंडावर आहे म्हणाले, दुपारभर तळमळत होते. संध्याकाळी मी घरी पोचल्यावर त्यांचा फोन आला, नाव आठवलं होतं. ते लिहून घेतलं. वही झेरॉक्स करून या पत्राबरोबर जोडली आहे, अक्षर माझंच आहे, वाचायला अडचण आली तर फोन करा.

आपली नम्र,
एक वाचक, कोथरूड, पुणे